टाकेआत्याचा वाकडा टाका

टाकेआत्याकडून पर्स घ्यायची तर आधी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागे.

"कोणाची जिरवायची आहे?"

नवं गिऱ्हाईक गोंधळून जाई. म्हणे, "कोणाची नाही हो. आवडली म्हणून घेतेय."

"मग वर जा आणि ओरिजिनल घ्या," असं म्हणून आत्या पर्स परत खिळ्याला अडकवून टाकी.

वर म्हणजे अक्षरशः वर. आत्याचं दुकान चौकाखालच्या भुयारी रस्त्यात होतं. पायऱ्या उतरलं की डाव्या हाताला एक घडीचं टेबल आणि भिंतीला ठोकलेली फळी, संपलं दुकान. त्याच पायऱ्या चढून वर गेलं की समोर कंपनीचं काचेचं दुकान. त्या काचा इतक्या लख्ख, की महिन्याला दोन-तीन श्रीमंत गिऱ्हाइकं दार समजून त्यांच्यावर नाक आपटून घेत, आणि नाकावर धरायची बर्फाची पिशवीसुद्धा कंपनीचा शिक्का मारलेली असे. खाली आत्याकडे हुबेहूब तीच पर्स, तोच शिक्का, तीच चेन. किंमत मात्र वरच्या दुकानात फुकट मिळणाऱ्या कागदी पिशवीला लाज वाटेल इतकी कमी.

लोक म्हणत, स्वस्त म्हणून खपते. आत्या म्हणे, "स्वस्त म्हणून माणूस कांदे घेतो. डुप्लिकेट घ्यायला पोटात काहीतरी खुपावं लागतं."

एकदा एक चष्मेवाली बाई पाहणीचे कागद घेऊन आली. लोक नकली माल का घेतात, यावर ती काहीतरी मोठं लिहीत होती. कागदावर चौकटी होत्या : किंमत कमी म्हणून, दिसायला छान म्हणून, मैत्रिणींचं बघून, फरक कळत नाही म्हणून. आत्याने कागद उलटा केला, सुलटा केला, उजेडाकडे धरून बघितला.

"यात सूड कुठाय?"

"सूड?"

"मुख्य कारण तेच राहिलं की. आत्ता ती निळ्या स्कार्फवाली गेली ना, ती वकीलबाई. वरच्या दुकानातल्या चार पर्स एका दमात घेईल. पण एकदा तिथल्या वॉचमनने तिला विचारलं, 'कामाला आलात का? मागचं दार तिकडे.' तेव्हापासून दर सहा महिन्यांनी माझ्याकडून एक नेते आणि ती खांद्याला लावून त्याच वॉचमनसमोरून तीन फेऱ्या मारते. तो तिन्ही वेळा सलाम ठोकतो."

"त्याला कळत नाही डुप्लिकेट आहे ते?"

"न कळणं हेच तर औषध आहे, बाई. ओरिजिनल घेऊन फेऱ्या मारल्या असत्या तर सलाम पर्सला गेला असता. हा तिला मिळतो."

चष्मेवालीने एक नवी चौकट आखली. थोडा वेळ पेनाचं टोपण चावलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आमच्या विभागप्रमुख बाई आहेत. मीटिंगला बसलं की माझ्या झोळीकडे अशा बघतात ना..."

"पुढचं सांगू नका. ती तपकिरी घ्या."

आता आत्याच्या स्वतःच्या पोटात काय खुपत होतं, तेही सांगायला हवं.

कंपनी अजून कंपनी झाली नव्हती, दहा बाया आणि एक दिवा असा कारखाना होता, तेव्हापासून आत्या तिथे शिवायला होती. पर्स शिवतात उलटी. सगळी शिवण झाली की मोज्यासारखी सुलटी करायची आणि आतल्या कोपऱ्यात शेवटचा एक टाका हाताने घालून अस्तर पक्कं करायचं. तो शेवटचा टाका आत्याचा. लहानपणी तिचा उजवा अंगठा दारात चेंगरला होता आणि बाहेरच्या बाजूला वळला होता. त्यामुळे टाका पडे तो थोडा उजवीकडे झुकून, म्हातारा काठीवर रेलतो तसा. एकोणीस वर्षांत एकाही पर्सचं अस्तर सुटलं नाही. कंपनीची पर्स वाघाने ओढली, रेल्वेखाली गेली, तरी अस्तर जागच्या जागी, असं लोक सांगत. वाघाने पर्स कशाला ओढली, हे कोणी विचारत नसे.

मग एक दिवस मालकाने नवा चष्मा केला. नवा चष्मा केलेला माणूस चूक सापडल्याशिवाय जेवत नाही. त्याने पंधरा पर्स उघडल्या आणि सगळ्या बायांसमोर म्हणाला, "हा वाकडा टाका म्हणजे माझ्या मालाला लागलेला डाग आहे. हात सरळ करा, नाहीतर घर गाठा."

अंगठा सरळ होणार नव्हता. आत्याने घर गाठलं. जाताना फाटकावर तिची पिशवी पालथी करून बघितली आणि सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं अंगुस्तानसुद्धा कंपनीचं म्हणून काढून घेतलं.

त्याला अकरा वर्षं झाली होती. आत्याने दुकान टाकलं तेही बरोबर कंपनीच्या पायाखाली आणि विकू लागली तेही कंपनीच्याच पर्सची नक्कल. पण एवढ्याने तिचं पोट भरत नव्हतं. तिला एकच हवं होतं : मालकाने चार माणसांत, स्वतःच्या तोंडाने म्हणायला हवं, की माझं चुकलं. ते ऐकल्याशिवाय मरायचं नाही असं तिने ठरवलं होतं, आणि तब्येत ठणठणीत होती.

एका सोमवारी सकाळी नर्सबाई आल्या, हातात पर्सचे दोन तुकडे घेऊन. नर्सबाईंनी पर्स नेली होती ती मोठ्या जाऊबाईंसाठी. म्हणजे जाऊबाईंची जिरवण्यासाठी. या जाऊबाई कोणाच्याही घरी गेल्या की आपली पर्स टेबलाच्या मधोमध ठेवत आणि धाकट्या जावेला सांगत, "हात पुसून लाव हं."

"काय झालं?" आत्याने विचारलं.

"वर तपासणी सुरू केलीय, दर रविवारी. पर्स आणा, खरी-खोटी फुकट सांगतो. खरी निघाली तर सोनेरी काठाचं प्रमाणपत्र. खोटी निघाली तर तिथेच कात्री." नर्सबाईंचा आवाज रोज दहा पेशंटना दटावणारा, पण आज तो बसला होता. "जाऊबाईच घेऊन गेल्या मला. चल म्हणाल्या, तुझीही बघून घेऊ. चाळीस माणसं होती, आत्या. कापली आणि सगळे हसले. आणि या म्हणतात, तुकडे उचल, भांडी घासायला होतील."

आत्याने तुकडे हातात घेतले. तेवढ्यात टेबलाचा एक पाय आपोआप दुमडला, असं शेजारचा छत्रीवाला अजून सांगतो.

संध्याकाळी भिंगवाला चहाला आला. हा कंपनीचा तपासनीस. डोळ्याला भिंग लावून खरं-खोटं ठरवायचं, हे त्याचं काम. एके काळी कारखान्यात आत्याच्या दोऱ्याला मेण लावून द्यायचा, शिवण तिच्याकडूनच शिकला होता. कात्री चालवणारा हात त्याचाच, म्हणून खाली बघून चहा पीत होता.

"ओळखतोस कशावरून रे?" आत्याने विचारलं.

"पुस्तक दिलंय, आत्या. त्यात आहे तसं करायचं."

त्याने खिशातून पुस्तिका काढली. आत्याने पान तीन वाचलं. मग पुन्हा वाचलं. 'अस्सल पर्सच्या आतील कोपऱ्यात शेवटचा टाका उजवीकडे झुकलेला असतो. ही आमच्या कारागिरांची पिढीजात शैली असून नकली माल बनवणाऱ्यांना ती साधत नाही.'

"पिढीजात?"

"साहेबांनी लिहिलंय."

"माझ्या अंगठ्याला पिढ्या कधी झाल्या?"

भिंगवाल्याने कपात तोंड घातलं. खरी गोष्ट अशी होती, की नकली माल बनवणारे लोक फार मन लावून काम करतात. त्यांनी शिक्का उचलला, चेन उचलली, चामड्याचा वाससुद्धा बाटलीत भरून आणला. पण झुकलेला टाका बघून त्यांना वाटलं, ही चूक झालीय, आणि त्यांनी तो सरळ केला. ज्या टाक्यासाठी आत्याला हाकललं, त्याच टाक्यावर कंपनी आता खरेपणा मोजत होती, आणि त्याच टाक्यापायी आत्याचं गिऱ्हाईक चाळीस माणसांत रडलं होतं.

"आता हातशिवण कोण करतं पण? सगळ्या बायांना तर काढलं ना?"

"तुमच्यामागून बाया तुमचाच टाका गिरवत होत्या, अस्तर सुटू नये म्हणून. आता नवा कारखाना झालाय. मशीन घालतं हुबेहूब तोच टाका. महिनाच झाला तो माल दुकानात येऊन, तपासायला अजून एकही आली नाही. ही बघा, पॉलिशला न्यायचीय."

आत्याने ती कोरी पर्स घेतली, आत हात घातला आणि डोळे मिटून कोपरा चाचपला. टाका झुकलेला होता. डावीकडे.

कोणीतरी जुनी पर्स उलटी करून तो टाका मागच्या अंगाने बघितला होता आणि तसंच चित्र काढून मशीनवाल्याला दिलं होतं. मागून बघितलं की उजवं डावं दिसतं. जुन्या कारखान्यातल्या कोणत्याही बाईने झोपेत सांगितलं असतं, की बाबा, कोणत्या अंगाने बघतोयस ते लिही. पण विचारायला एकही बाई शिल्लक ठेवली नव्हती. मालकाने आपल्याच दाराला दुसरं कुलूप लावलं होतं आणि जुनी किल्ली गावभर मिरवत होता.

"काय झालं, आत्या?"

"काही नाही. छान आहे." आत्याने पर्स परत दिली आणि चहात साखर नसतानाही तो दोनदा ढवळला. "रविवारी तू काय करतोस म्हणालास?"

"पुस्तकात आहे तेवढंच."

"तेवढंच कर. देव आला आणि म्हणाला दुसरं कर, तरी तेवढंच कर."

पुढच्या रविवारी नव्हे, त्याच्या पुढच्या रविवारी कंपनीचा वाढदिवस होता आणि तपासणी थाटात होणार होती. आत्याच्या हातात तेरा दिवस होते. तिने निरोप धाडले. एकेक गिऱ्हाईक पर्स घेऊन येऊ लागलं. आत्या कोपऱ्यातला सरळ टाका उसवायची, अंगठा टेकवायची आणि आपला टाका घालायची. नर्सबाईंना नवी पर्स दिली, तीही टाका घालूनच. अकरा वर्षांत तो टाका तिने एकदाही घातला नव्हता. पण अंगठ्याला सगळं आठवत होतं. ती एका जागी इतकी बसून राहिली, की बाराव्या दिवशी ती घरी गेली तरी तिची सावली भिंतीवरच होती, आणि सफाईवाला सावलीला म्हणाला, "आत्या, जरा पाय वर घ्या."

वाढदिवसाच्या सकाळी वर मांडव, लाल फीत, माईक. मालक स्वतः खुर्चीवर, शेजारी मालकीणबाई. भिंगवाला टेबलाशी, पुढ्यात कात्री. आत्या पायऱ्यांच्या तोंडाशी, कठड्याला टेकून उभी.

पहिली वकीलबाई. भिंगवाल्याने कोपरा उलगडला, भिंग लावलं आणि एकदम मान वर केली. त्याने गर्दीतून बरोबर आत्याकडे बघितलं. आत्याने कठड्यावरची धूळ झटकली.

"अस्सल," भिंगवाला म्हणाला. सोनेरी काठाचं प्रमाणपत्र. वॉचमनने चौथा सलाम ठोकला.

मग नर्सबाई. मागे जाऊबाई उभ्या, खांद्याला आठ दिवसांपूर्वी घेतलेली कोरी पर्स.

"पुन्हा आलीस होय," जाऊबाई म्हणाल्या. "हौस आहे बाई एकेकीला."

"अस्सल," भिंगवाला म्हणाला.

जाऊबाईंचं तोंड उघडं राहिलं ते तसंच ठेवून त्यांनी आपली पर्स पुढे केली. भिंगवाल्याने बघितलं. पुन्हा बघितलं. घाम पुसून पुस्तिकेचं पान तीन बघितलं.

"नकली."

"डोळे तपासून घे. पावती आहे माझ्याकडे. याच दुकानाची."

"पान चार," भिंगवाला वाचू लागला, "नकली पर्ससोबत नकली पावतीही मिळते, तरी पावती ग्राह्य धरू नये." आणि कात्री चालली.

नर्सबाई खाली वाकल्या. दोन्ही तुकडे उचलले, नीट झटकले आणि जाऊबाईंच्या हातात ठेवले. "घरात भांडी आहेतच," एवढंच म्हणाल्या.

पुढे तर रांगच लागली. खालून घेतलेली प्रत्येक पर्स अस्सल निघे आणि वरून घेतलेली कोरी पर्स कापली जाई. टेबलाखाली चामड्याचा ढीग झाला. गर्दीचा आवाज चढला. शेवटी मालक उठला, माईक हातात घेतला आणि म्हणाला, "शांत व्हा. बाजारात नकली माल फार वाढलाय, त्याचाच हा पुरावा आहे. अस्सल कशी असते ते मी दाखवतो." आणि त्याने मालकीणबाईंच्या खांद्यावरची पर्स काढून टेबलावर ठेवली. लग्नाच्या वाढदिवसाला त्यानेच दिलेली, पंधरा दिवसांपूर्वी.

भिंगवाल्याने भिंग लावलं. इतकी शांतता झाली, की काचेवर नाक आपटलेल्या एका गिऱ्हाइकानेही कण्हायचं थांबवलं.

"नकली."

"नीट बघ."

"नीटच बघतोय, साहेब. डावीकडे आहे."

"अरे गाढवा, ही माझ्या स्वतःच्या कपाटातून..."

"माझी कापली ना?" जाऊबाई मागून ओरडल्या. "मग यांची का नाही? कापा."

"कापा," गर्दी म्हणाली.

मालकाने कात्री अडवली. तेव्हा मालकीणबाई उभ्या राहिल्या. बाई शांत स्वभावाच्या, म्हणूनच सगळे घाबरत.

"कापू दे त्याला," त्या म्हणाल्या. "मला फक्त एवढंच सांगा. मला डुप्लिकेट दिलीत, मग ओरिजिनल कोणाला दिलीत?"

मालकाने माईक खाली केला, पण बंद करायचा राहिला.

"अगं, कोणाला नाही. हीच ओरिजिनल आहे. मशीन चुकलंय. टाका उजवीकडे झुकायला हवा होता."

"का म्हणून?"

"आधी एक बाई घालायची तो. तिचा अंगठा वाकडा होता."

"अंगठा बरा लक्षात राहिला तुमच्या."

"शिवायला होती गं. एकोणीस वर्षं. मी काढून टाकली तिला."

"का काढली?"

मालकाने गर्दीकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. बाजार बुडाला तर पुन्हा उभा करता येतो, घर नाही, हे त्याला ठाऊक होतं. "टाका वाकडा आहे म्हणून," तो म्हणाला. आधी कोणीतरी खुसखुसलं, मग अख्खा चौक हसला. त्या हसण्यात मालक पुटपुटला, "माझं चुकलं." पुटपुटला हळूच; पण कंपनीचा माईक अस्सल होता. शब्द पायऱ्या उतरून भुयारात गेले आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडले.

आत्याने ते ऐकलं. अकरा वर्षांचं पित्त एका क्षणात खाली बसलं. घरी जाऊन ती पोटभर जेवली, गाढ झोपली. आणि सकाळी उठली तर पुन्हा भूक लागली होती.

भिंगवाल्याची नोकरी त्याच दिवशी गेली. आत्याने त्याला टेबलाशी बसवलं. तिसऱ्या दिवशी नर्सबाई मैत्रिणीबरोबर भुयारातून चालल्या होत्या. मैत्रीण टेबलाशी रेंगाळली, तशा त्या तिला ओढत म्हणाल्या, "इथे नको गं. सगळं डुप्लिकेट असतं." आत्याने त्यांच्या पर्सकडे बघितलं. टाका छान बसला होता.

"बघितलंत?" भिंगवाला म्हणाला.

"बघितलं. प्रमाणपत्र आहे तिच्याकडे, मग बोलणारच," आत्या म्हणाली. "तू चेन पूस."

आठवड्याने मालक स्वतः पायऱ्या उतरून आला. बसायला स्टूल एकच होतं, त्यावर आत्या बसली होती.

"बाई, झालं गेलं विसरा," तो म्हणाला. "परत या. मशीनला टाका दाखवायला कोणीतरी हवंय. इंजिनिअर तीनदा चित्र काढून बसला, जमत नाही. लोक म्हणतात, बाईचा टाका असेल तरच पर्स घेऊ."

"विसरते," आत्या म्हणाली. "खिडकीशेजारी खुर्ची हवी. माझा फोटो दुकानात लावा, अंगठा दिसेल असा. आणि पुस्तकात छापा, की टाक्याची दिशा बाई ठरवेल तीच अस्सल."

घाईत असलेला माणूस सगळ्याला हो म्हणतो. मालक हो म्हणाला. फोटो लागला, पुस्तक छापलं, बातमी झाली. आता आत्याला काढणं म्हणजे दुकानाचं नाव काढून टाकण्यासारखं होतं.

पहिल्या दिवशी आत्याने टाका घातला तो उजवीकडे. इंजिनिअरने रात्रंदिवस राबून मशीन तसं बसवलं. दुसऱ्या दिवशी तिने घातला तो जवळजवळ आडवा.

"बाई, काल असा नव्हता," मालक म्हणाला.

"काल अंगठा दुखत नव्हता."

तिसऱ्या दिवशी सरळ, अगदी फूटपट्टी लावल्यासारखा. मालक त्याच्याकडे बघत राहिला, पण सरळ टाक्याला नावं कोणत्या तोंडाने ठेवणार? मशीन खोललं, मशीन जोडलं. चौथ्या दिवशी पुन्हा उजवीकडे, पण पहिल्यापेक्षा किंचित कमी.

तेव्हापासून कारखान्याची रीत पडली आहे. सकाळी साडेनऊला चाळीस माणसं मशीनपाशी हात बांधून थांबतात, इंजिनिअर पेन्सिल घेऊन थांबतो, मालक चष्मा पुसत आत्याच्या खुर्चीमागे थांबतो. आत्या आधी चहा मागवते. समोर ठेवून खिडकीतून बाहेर बघत बसते. चहा गार होतो. मग ती मालकाकडे वळून म्हणते, "हा गार झाला, साहेब. दुसरा सांगा."